जीव तुझा, खरं दार लाव

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या कट्ट्यावर कोविडचा विषय निघाला की एक वाक्य अजून हमखास ऐकू येतं: "माझा जीव हाय, मी बघून घेतो. सरकारला काय करायचंय?"

मला ते अर्धंच पटतं. जुलै २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीसाठी देशात १२ ठिकाणं निवडली, त्यातलं एक बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल. लस अंगाला कशी मानवेल हे ठाऊक नसताना धडधाकट माणसांनी संमतीपत्रावर सही करून दंड पुढे केला. त्यांना अडवायचं कारणच नव्हतं. २०२१ मध्ये लंडनला तर १८ ते ३० वयाच्या ३६ जणांच्या नाकात मुद्दाम विषाणूचे थेंब सोडले. पण थेंब घेऊन ही पोरं बाजारात फिरली नाहीत. दोनेक आठवडे हॉस्पिटलच्या खोलीत बंद राहिली. जोखीम घेतली आणि दारही लावून घेतलं.

कट्ट्यावरचा गडी नेमका हे दार विसरतो. अंगात कणकण असताना, पॉझिटिव्ह निघालो तर कार्य मोडेल म्हणून टेस्टच न केलेले वाढपी मी लग्नाच्या पंगतीत बघितलेत. मास्क हनुवटीवर, हातात आमटीची बादली, खोकला दाबत "घ्या ओ आजी, आणि थोडं घ्या" म्हणून आग्रह. त्या आजींची सही कुठल्या संमतीपत्रावर होती?

खरं म्हणून सरकारचं सगळंच बरोबर, असंही नाही हं. २०२१ च्या जुलैअखेर कर्नाटकनं फर्मान काढलं: महाराष्ट्रातून येणाऱ्यानं लस घेतलेली असो वा नसो, ७२ तासांतला आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवायचा. माहेर कागल आणि सासर निपाणी असलेल्या बाईनं राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर काय करायचं? १९५६ पासून ही रेघ आमच्या घरादारातून गेलीय. तिच्यावर उभं राहून कुणी कागद मागितला की इथला माणूस आधी चिडतो, कारण मागाहून विचारतो.

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लसीची सक्ती कुणावर करता येणार नाही. लोकांच्या आरोग्यासाठी बंधनं घालता येतील, फक्त ती वाजवी हवीत. मग पुन्हा कधी कागद मागायची वेळ आली, तर तो वाजवीपणा नाक्यावर दिसू दे की. कागद का मागताय, कधीपर्यंत मागणार, रोज ये-जा करणाऱ्यांना सूट काय, हे कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहून लावा. मराठी फलकावरून भांडण होईल म्हणता? होऊ दे, त्याची आम्हाला सवय आहे.