गल्ला एक की दोन?

परवा भाचीने मोबाईलवर ब्रिटिश गायिका केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' लावलं आणि वर मलाच विचारलं, "मामा, हे 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधलं गाणं ऐकलंयस का?" अगं, तुझी आई शाळेत होती तेव्हाचं गाणं ते! १९८५ चं. तेव्हा ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या नंबरापर्यंत पोचलं होतं. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सच्या या मालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी पहिल्या नंबरावर जाऊन बसलं.

कॉर्पोरेटवाले याला 'सिनर्जी' म्हणतात. सिनेमा, गाणी, यंत्रं सगळं एका मालकाकडे आलं की एकाने दुसऱ्याचा माल खपवायचा. हिशेब खोटा नाही. रॉबर्ट स्टिगवुडने १९७७ मध्ये तो करून दाखवला. बी जीज या बँडचा मॅनेजर तो, रेकॉर्ड कंपनी त्याची, 'सॅटर्डे नाइट फीव्हर'चा निर्माताही तोच. सिनेमा आला डिसेंबरात, पण त्यातलं बी जीजचं 'हाउ डीप इज युअर लव्ह' सप्टेंबरातच बाजारात होतं. म्हणजे सिनेमाची जाहिरात लोकांनी पदरचे पैसे मोजून घरी नेली! (याला म्हणतात धंदा.)

आता सोनीचं बघा. वॉकमन त्यांचाच, १९७९ पासून. १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स घेतली, १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स. यंत्र घरचं, गाणी घरची, सिनेमे घरचे. आणि डिजिटल प्लेअरचा बाजार मारला कोणी? स्वतःची रेकॉर्ड कंपनी नसलेल्या ॲपलने. २००१ मध्ये आयपॉड, २००३ मध्ये गाण्यांचं ऑनलाइन दुकान. सोनीत यंत्रवाल्यांना प्लेअर खपवायचे होते, गाणीवाल्यांना पायरसीची धास्ती. एका म्यानात दोन तलवारी. त्यामुळे त्यांचे प्लेअर बरीच वर्षं साधी एमपीथ्री थेट वाजवतच नव्हते. आधी कॉम्प्युटरवर ती फाइल त्यांच्या 'अॅट्रॅक' फॉरमॅटमध्ये बदला, मग प्लेअरवर चढवा. कोण बसतंय एवढं करत?

स्टिगवुडकडे गल्ला एक होता. सोनीत दोन, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

केट बुश आणि नेटफ्लिक्स तर एका घरचेही नव्हते. दृश्यात गाणं वापरायचं तर परवानग्या दोन लागतात: एक रचनेची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. इथे गाणं तिनेच लिहिलेलं, ध्वनिमुद्रणाचे हक्कही तिच्याकडे. तिला प्रसंग पटला, तिने हो म्हटलं. तो प्रसंगही कसा, तर मालिकेतली मॅक्स ही पोरगी राक्षसाच्या तावडीत सापडलीय आणि मित्र धडपडत तिच्या वॉकमनमध्ये तिच्या आवडीची कॅसेट घालतात. गाणं काढून टाकलं तर पोरगी वाचतच नाही! पार्श्वसंगीत म्हणून नुसतं मागे वाजलं असतं, तर भाचीने ढुंकूनही विचारलं नसतं.

गाण्यापायी मी पुन्हा मालिका बघायला बसलो. मालिकेपायी भाची ते गाणं असलेला 'हाउंड्स ऑफ लव्ह' हा अख्खा अल्बम ऐकत बसलीय.