‘बातमी खरी होती ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मथळ्यामागची मुलं’ या माझ्या लेखावर सात रस्त्याकडच्या एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. नाव दिलेलं नाही, खाली ‘जुना वाचक’ एवढंच. लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रान्सजेंडर मुलांचं वयात येणं काही काळ थोपवण्यासाठी जी इंजेक्शनं दिली जातात, ज्यांना प्युबर्टी ब्लॉकर म्हणतात, त्यांच्याबद्दलच्या ब्रिटन-अमेरिकेतल्या निर्णयांच्या बातम्या आपल्याकडे अर्धवट आणि भलत्याच फोटोंसह छापल्या गेल्या, असं मी लिहिलं होतं. या वाचकांचं म्हणणं असं, की बातमी खरी होती ना, मग मथळ्यावरून एवढं रडगाणं कशाला? इंग्लंडमधल्या कॅस अहवालाने (अशा मुलांच्या उपचारांची तपासणी करून डॉ. हिलरी कॅस यांनी २०२४ मध्ये दिलेला) सगळं स्पष्ट केलंय आणि तो मी वाचलेला नाही. स्वीडन-फिनलंडनेही हात आखडता घेतलाय. सोलापुरात बसून लंडनच्या पोरांची काळजी करायचं मला काही कारण नाही. आणि शेवटी, मला स्वतःचं मूल असतं तर मी असं लिहिलंच नसतं.

नमस्कार. शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते वाचून त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मला मूल नाही. गावातल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण वादात कुणी ते असं पुढे करेल, असं वाटलं नव्हतं. तुम्ही वयाने मोठे असाल, भाषेवरून तसं वाटतं, म्हणून फार बोलत नाही. पण ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत हे लिहायचं, ही कुठली रीत?

आणखी एक. ‘तुम्ही गड्डा जत्रेच्या आठवणी आणि शेंगाचटणीवर छान लिहिता, तेवढंच लिहा,’ असं तुम्ही म्हटलंय. नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर मी लिहिलं तेव्हा त्याखाली ‘वा, क्या बात है’ लिहिणारे तुम्हीच होतात. मग औषधांच्या बातम्यांवर लिहिलं की लगेच माझी पोच संपते का? मी डॉक्टर नाही, हे खरं. पण माझा लेख औषधावर नव्हता, बातम्यांवर होता. आणि बातम्यांच्या बाबतीत, माफ करा, मी तुमच्याहून जास्त जाणते. मी बरीच वर्षं एका दैनिकात डेस्कवर रात्रपाळी केली आहे.

आता तुमचं ते वाक्य : बातमी खरी होती ना?

मला मूल नाही, पण भाची आहे. सातव्या वर्षीच तिच्या अंगात वयात येण्याच्या खुणा दिसू लागल्या. बहीण घाबरली. इथल्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, हुतात्मा एक्सप्रेसने आम्ही तिघी गेलो. तिथे तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून आम्हाला दाखवला, मनगटाजवळची ती बारीक हाडं. मुलगी सात वर्षांची आणि हाडं दहा वर्षांची. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलांमध्ये नऊच्या आत हे सुरू झालं, तर हाडांची वाढ लवकर पूर्ण होऊन उंची खुंटते, आणि तिसरीतल्या पोरीला पाळी येते ते वेगळंच. त्यावर जे इंजेक्शन देतात ते मेंदूकडून बीजकोशांना जाणारा निरोप अडवतं. इंजेक्शन बंद केलं की वयात येणं पुन्हा सुरू होतं. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून डॉक्टर हे वापरत आहेत. आणि हेच, अगदी हेच औषध, ट्रान्सजेंडर मुलांना दिलं जातं, ज्यावरून हा सगळा वाद पेटलाय.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनची बातमी आली. मुलांचे हार्मोन रोखणाऱ्या औषधांवर बेमुदत बंदी, असा साधारण मथळा. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ते कात्रण टाकलं आणि खाली लिहिलं, ‘हेच ना आपल्या पोरीला देतात?’ बहिणीने ते वाचलं आणि त्या महिन्यात पुण्याला जायचंच टाळलं. मला सांगितलंसुद्धा नाही. इंजेक्शनची तारीख टळून गेल्यावर कळलं. डॉक्टरांना फोन लावला तेव्हा ते चिडलेच, कारण ब्रिटनच्या त्या आदेशाचा वेळेआधी वयात येणाऱ्या मुलांशी काडीचाही संबंध नव्हता. त्या मुलांना हे औषध ब्रिटनमध्येही तसंच मिळत राहिलं. बंदी होती ती अठरा वर्षांखालच्या मुलांना लिंगओळखीच्या कारणासाठी नव्याने हे औषध देण्यावर. आधीपासून घेत असलेल्यांना चालू ठेवायची मुभाही होती, आणि २०२७ मध्ये फेरविचार होईल असं आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी संसदेत सांगितलं होतं.

यातलं किती आपल्या पानावर आलं? मथळा खोटा नव्हता. पण तो वाचून एका आईने पोरीचं इंजेक्शन चुकवलं.

हे कसं होतं ते सांगते, म्हणजे मी उगाच कुणाला झोडपते असं वाटायला नको. एजन्सीची बातमी रात्री उशिरा येते, इंग्रजीत. उपसंपादकाला पान छपाईला सोडायचं असतं, खाली जाहिरात पक्की असते, जागा असते अर्ध्या हाताची. बातमी नेहमी खालून कापतात. सगळ्यात महत्त्वाचं वर लिहिलेलं असतं, हा त्यामागचा समज. पण अशा बातमीत ‘हे कुणाला लागू नाही’ ते नेमकं शेवटच्या परिच्छेदात असतं, आणि कात्री तिथंच पहिली लागते. मग हवा असतो फोटो. कंप्युटरवर एक जुनं फोल्डर असतं, त्यात ‘तृतीयपंथी’ म्हणून शोधायचं, जो येईल तो लावायचा. मी लेखात ज्या पानाबद्दल लिहिलं, त्यावर इंग्लंडमधल्या बारा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांच्या बातमीला टोलनाक्यावर टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्या माणसांचा फोटो होता. त्या माणसांची परवानगी नाही, बातमीशी त्यांचा संबंध नाही. बातमी खरी, फोटोही खराच, आणि दोन्ही मिळून वाचणाऱ्याच्या डोक्यात जे तयार झालं ते संपूर्ण खोटं.

पुन्हा ‘बंदी’ किती वेळा झाली ते बघा. मार्च २०२४ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, संशोधनाबाहेर ही औषधं देणं थांबवलं. त्या वेळी तिथे ती घेणारी मुलं शंभराच्या आत होती. साऱ्या इंग्लंडात. मे अखेरीस सरकारने खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरही तात्पुरती बंदी आणली. डिसेंबरात तीच बेमुदत केली. आपल्याकडे हे दर वेळी नव्याने ‘बंदी’ म्हणून आलं, मागचा धागा न जोडता. वाचणाऱ्याला वाटावं की जगात एकामागून एक देश दारं लावत चाललेत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या मुलांना लिंगओळखीसाठी ही औषधं द्यायला मनाई करणारा टेनेसी राज्याचा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवला, तेव्हा एका चॅनेलने सरळ ‘अमेरिकेत बंदी’ अशी पट्टी चालवली. न्यायालयाने फक्त एवढं म्हटलं होतं की असा कायदा करणं राज्यघटनेतल्या समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध नाही. औषध चांगलं की वाईट, हे त्यांनी ठरवलं नव्हतं, आणि ज्या राज्यांत असा कायदा नाही तिथे त्या निकालाने बंदी आली नाही. हे सांगायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळींसाठीच माझं ‘रडगाणं’ आहे. तुम्हाला तो शब्द योग्य वाटतो, मला वाटत नाही.

कॅस अहवाल मी वाचला आहे. ३८८ पानं आहेत, बसून वाचला, समजली नाहीत ती पानं एका बालरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडून समजून घेतली. तुम्ही तो वाचलाय का, हे विचारणार नाही, कारण तुम्ही प्रतिक्रियेत त्यातलं म्हणून जे लिहिलंय ते त्यात नाही. ‘हे औषध मुलांना उद्ध्वस्त करतं हे सिद्ध झालं,’ असं डॉ. हिलरी कॅस यांनी कुठेही म्हटलेलं नाही. या अहवालासाठी यॉर्क विद्यापीठाच्या गटाने ब्लॉकरवरचे ५० अभ्यास तपासले, त्यात उच्च दर्जाचा एकच निघाला. म्हणजे फायदा होतो हे नीट सिद्ध नाही आणि तोटा किती होतो हेही नीट सिद्ध नाही. हाडांच्या घनतेची काळजी आहे, ती त्यांनी मांडली. म्हणून रीतसर चाचणी करा, तोवर सरसकट देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. ‘पुरावा कमी आहे’ आणि ‘घातक असल्याचा पुरावा आहे’ यांतलं अंतर ज्याला दिसत नाही, त्याने दुसऱ्याला वाचन शिकवू नये.

आणि हो, दुसऱ्या बाजूनेही खोटं पसरलं होतं. कॅस यांनी ९८ टक्के अभ्यास केराच्या टोपलीत टाकले, असं समाजमाध्यमांवर फिरत होतं. तेही चूक. ब्लॉकर आणि त्यापुढच्या टप्प्यात लिंगबदलासाठी देतात ते हार्मोन मिळून १०३ अभ्यास होते, त्यांतले ६० विचारात घेतले गेले. हे मी लेखात लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही. मला एका बाजूची ठरवायचं असेल तर तो परिच्छेद वगळावाच लागतो, नाही का?

स्वीडन, फिनलंड, आणि लंडनच्या एका अभ्यासात ब्लॉकर घेतलेल्या ४४ पैकी ४३ मुलं पुढे हार्मोनकडे गेली, मग या औषधाला नुसता तात्पुरता ‘थांबा’ कसं म्हणायचं, हा तुमचा प्रश्न. आकडा बरोबर आहे. पण औषध द्यावं की देऊ नये यावर मी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यात शिरत नाही.

एक गोष्ट मान्य करते. सगळी मराठी वर्तमानपत्रं मी एका मापात मोजायला नको होती, हे तुमचं बरोबर. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत डॉक्टरांचा चांगला, समतोल लेख आला होता, तो तुम्ही दाखवलात, त्याबद्दल आभार. पण पुरवणी किती जण वाचतात आणि पहिलं पान किती जण, हे तुम्हालाही माहीत आहे.

राहता राहिला सोलापूरचा प्रश्न. लंडनची पोरं आपली नाहीत, म्हणता. आपली पोरं आहेतच की. माझ्या ओळखीच्या एका घरात आहे एक, आठवीतलं, ओळख पटेल म्हणून याहून जास्त लिहीत नाही. त्या मुलाला कुठलंही औषध चालू नाही, कुणी मागितलेलंही नाही. ते घरी एवढंच म्हणालं होतं की मला मुलगा म्हणून वाढवताय ते मला जमत नाही. वडील चांगले आहेत, मारझोड नाही, पण त्या टोलनाक्याच्या फोटोचं पान त्यांनी घडी घालून जपून ठेवलं आणि पोरापुढे धरलं. ‘हे व्हायचंय का तुला?’ त्या पोराला इंग्लंडच्या निर्णयाचं काही पडलेलं नव्हतं. त्याच्यापुढे आलं ते चित्र. २०१४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला, २०१९ मध्ये कायदा झाला, आणि आठवीतल्या पोराला घरात मिळालं ते फाइल फोटोचं कात्रण. ते पान कुणी सोडलं, कुणी फोटो निवडला, याची विचारणा मी करणारच. सोलापुरात बसूनच करणार.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, तशीच ठेवली आहे. त्या मुलांसाठी तुम्ही मधे वापरलेला एक शब्द तेवढा खोडला आहे, तो इथे चालणार नाही. बाकी तुम्ही उत्तर दिलंत तर छापीन. फक्त माझ्या घरात कोण आहे आणि कोण नाही, ते त्यातून वगळा.