वर्गणी थांबली की कपाट रिकामं

मार्च आला की पोटात गोळा येतो. लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात न्यायालयीन निकाल आणि जर्नल्सच्या ऑनलाइन डेटाबेसचं नूतनीकरण, दरवर्षी तीच कटकट. किंमत कुठे छापलेलीच नाही! विचारलं की कंपनीचा माणूस म्हणतो, "मॅडम, कोटेशन पाठवतो." शेजारच्या कॉलेजला काय दर लावला, ते कळायची सोय नाही, करारात गोपनीयतेचं कलम. हवी असतात दोन जर्नल्स, गळ्यात मारतात अख्खं पॅकेज.

आणि विकतात काय? निकाल! कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल कुणीही छापावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून ई-एससीआर या आपल्या ऑनलाइन संग्रहात आपले निकाल मोफत दिलेत. हेडनोट्सना (निकालाच्या वर दिलेल्या सारांशाला), चांगल्या शोधसोयीला मेहनत लागते, मान्य. त्याचे पैसे घ्या ना, पण दर सांगून घ्या.

सगळ्यात जास्त चीड याची येते: छापील खंडांची वर्गणी बंद केली तरी जुने खंड कपाटात राहतात. ऑनलाइनमध्ये एक हप्ता चुकला की लॉगिन बंद. इतकी वर्षं भरलेल्या पैशांचं एक पानही हाती नाही. मूट कोर्ट (सरावाच्या खटल्याची स्पर्धा) तोंडावर आलेली पोरं विचारतात, "मॅडम, साइट का उघडत नाही?" काय सांगू त्यांना?