‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हणणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मावशीला घेऊन दवाखान्यात गेले होते, गुडघे दुखतायत, शुगर पण वाढलीय. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि सगळ्या पेशंटसमोर म्हणाले, "मावशी, तोंडावर जरा ताबा ठेवा." ती काहीच बोलली नाही हो.

ही बाई १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यात जन्मलेली. पोटात होती तेव्हा आजी खडी फोडायला जायची, मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन दिवस काढले. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं खेड्यातल्या आया-बाळांचा अभ्यास करतायत. ते सांगतात, आपली बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त, आणि पोटात असताना उपासमार झाली तर पुढं शुगरचा धोका वाढतो. मावशीचं तसंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आजीनं तेव्हा कशावर ताबा ठेवायचा होता?

आता ती साताऱ्यात कापड दुकानात सकाळी दहा ते रात्री नऊ. दुपारी वडापाव आणि गोड चहा, कारण त्या पैशात पोट त्यानंच भरतं. फळं, उसळ, दही कुठं बसतंय त्यात? माणची ज्वारी खाऊन वाढलेल्या बाईला आता ज्वारीच महाग पडते, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो तोच शिजतो. रोज तळलेलं खाऊ नये हे तिलाही कळतं, आणि काही लोक खरंच आळशी असतात, बरं, मान्य.

"चालायला जा" म्हणे. रात्री नऊनंतर? आपण पहाटे अजिंक्यतारा चढतो, फोटो टाकतो, मी पण जाते, चांगलंच आहे ते, पण तो तास-दीड तास आपल्याकडं असतो म्हणून.

आणि तिच्याच घरात दीड वर्षाची नात आहे, अंगणवाडीत तिचं वजन कमी भरलं. आजी जाड, नात अशक्त, एकाच चुलीवर. देशाचंही तेच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत चारातली जवळपास एक बाई जादा वजनाची आणि पाचातली जवळपास एक कमी वजनाची. दोन्हीकडं पोटाला धड अन्न नाही, एवढंच. ती नात इतकी गोड आहे, रडली की शेजारचं कुणीतरी पाच रुपयांची पुडी आणून देतं, प्रेमानंच देतात, पण त्यात पाम तेल आणि मीठच जास्त. किराणा दुकानाच्या दारात माळा लटकतायत नुसत्या.

चिलीनं २०१६ पासून असल्या पाकिटांवर काळे शिक्के छापायला लावले, जादा साखर, जादा मीठ, लांबून दिसतील असे. आपल्याकडं २०२० चा नियम आहे की शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जादा तेल-मीठ-साखरेचं काही विकायचं नाही. माझ्या पोराच्या शाळेच्या गेटला टेकूनच टपरी आहे. टपरीवाल्या दादांचं पोट त्यावर आहे, त्यांना हाकला म्हणत नाही मी, तिथंच शेंगदाणे, चिक्की, केळी विकू देत की.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला तो नियम प्रिंट काढून मुख्याध्यापकांना भेटणार आहे. पालकांपैकी कोण कोण येतंय, खाली लिहा.