आठ इंची जुन्या स्पीकरला ‘वीस लिटर आणि एक पोर्ट’ हा नियम लावू नका

चोर बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा घरातल्याच बंद पडलेल्या व्हॉल्व्ह रेडिओतून आठ इंची फुल-रेंज (खालचे-वरचे सगळे सूर एकटाच वाजवणारा) स्पीकर हाती आला, की एक ठरलेला सल्ला मिळतो. ‘जुन्या स्पीकरचा कागद आणि मॅग्नेट उत्तम, पण कॅबिनेट टाकाऊ. ते फेका. पंचवीस मिलिमीटर एमडीएफची वीस लिटरची पेटी करा, पुढे दोन इंची पाइपचा पोर्ट, म्हणजे आतल्या हवेला बाहेर उघडणारी नळी, काढा, आत कापूस ठासून भरा, मध्ये कुठलाही फिल्टर घालू नका. आठ इंची कुठलाही असो, बास येणारच.’ पहिलं अर्धं वाक्य सोडलं, तर यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा चुकीचा आहे. आणि या सल्ल्यापायी चांगले स्पीकर घुमायला लागतात, मग ‘जुना माल बेकार’ म्हणून भंगारात जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आठ इंची कुठलाही असो.’ इंचांवरून फक्त भोक केवढं पाडायचं ते कळतं. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ७५५ए आठ इंची आहे. त्याला कंपनीने दोन घनफुटांची, म्हणजे साधारण ५७ लिटरची पेटी सांगितली होती. ब्रिटनच्या लोदरचा पीएम६ही त्याच मापाचा. पण त्याचं मॅग्नेट इतकं जोरदार, की तो मागे लांबलचक घडीचा हॉर्न असलेल्या कॅबिनेटमध्ये बसवायचा असतो. साध्या पेटीत त्याचा खालचा आवाज पातळच राहतो. फिलिप्सचा दुहेरी कोनचा (कोन म्हणजे स्पीकरचा कागदी शंकू) ९७१०ही आठ इंची, आणि तो या दोघांहून वेगळा. तिघांना एकच पेटी कशी बसेल?

इथेच आणखी एक घात होतो. युरोपातल्या काही फिलिप्स रेडिओंमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नसे, म्हणून त्यांच्या स्पीकरची कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) ८०० ओहमची असे. ९७१०एएम हा त्यातलाच. असा स्पीकर आजच्या ॲम्पला जोडला तर जेमतेम कुजबुज ऐकू येते आणि माणूस समजतो की तो मेला. त्याहून जुन्या सेटांमधल्या फील्ड-कॉइल स्पीकरला कायमचं चुंबकच नसतं. त्याच्या दुसऱ्या कॉइलला डीसी वीज दिल्याशिवाय तो बोलत नाही. पेटीचा विचार करण्याआधी मल्टिमीटर लावून कॉइलचा रोध बघा.

आता ‘वीस लिटर’. हा आकडा लहान बंद पेट्यांच्या सवयीतून आला असावा. त्या पेट्यांची कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली. त्यात कोन मुद्दाम ढिला टांगलेला असतो, रेझोनन्स (ज्या सुराला कोन आपसूक जोरात झुलतो तो) खूप खाली असतो आणि पेटीतली हवाच स्प्रिंगचं काम करते. व्हॉल्व्ह रेडिओतल्या स्पीकरचं उलट आहे. त्याच्या कोनची कड कागदाचीच, चुण्या घातलेली आणि ताठ असते. स्प्रिंग त्याच्याकडे आधीच भरपूर आहे. लहान पेटीतल्या हवेची भर पडली की तो आखडतो.

हे मोजून दाखवता येतं. फोनवरचं टोन जनरेटर ॲप, छोटा ॲम्प, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर, एवढ्यावर भागतं. रेझिस्टर स्पीकरच्या सिरीजमध्ये जोडा, स्पीकर मोकळ्या हवेत धरा, आवाज अगदी कमी ठेवा. स्पीकरवरच्या व्होल्टेजला रेझिस्टरवरच्या व्होल्टेजने भागून १०० ने गुणलं की त्या हर्ट्झला स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण अडथळा, मिळतो. तो सर्वांत जास्त जिथे भरतो, तो रेझोनन्स. समजा, कॉइलचा डीसी रोध ६ ओहम आहे आणि ७५ हर्ट्झला इम्पिडन्स २४ ओहमवर पोचला. २४ भागिले ६ म्हणजे ४, त्याचं वर्गमूळ २. मग ६ गुणिले २, म्हणजे १२ ओहम शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठे येतात ते शोधा. समजा ५५ आणि १०२ हर्ट्झला आले. ७५ गुणिले २, भागिले ४७ (१०२ वजा ५५), बरोबर ३.१९, त्याला ४ ने भागलं की ०.८. हा क्यूटीएस (पुढे नुसता क्यू), म्हणजे कोन रेझोनन्सला किती लवकर आवरला जातो याचं माप. आकडा जितका मोठा, तितका कोन उशिरा थांबतो.

आता तोच स्पीकर वीस लिटरच्या घट्ट बंद पेटीवर बसवा आणि पुन्हा मोजा. समजा रेझोनन्स ७५ वरून १३० ला चढला. १३० भागिले ७५ याचा वर्ग ३, त्यातून १ वजा केला की २. त्याला २० लिटरने गुणलं की ४० लिटर. म्हणजे या कोनची स्प्रिंग ४० लिटर हवेइतकी आहे. रेझोनन्स ज्या पटीत चढतो त्याच पटीत क्यूही चढतो, म्हणून तो ०.८ वरून १.३९ झाला. याचा कानाला येणारा अर्थ असा, की १३० हर्ट्झच्या जरा वर साडेतीन डेसिबलचा उंचवटा आणि त्याखाली सरळ उतार. तबल्यातला डग्गा एकाच सुरात घुमतो तो यामुळेच. पेटी १२० लिटरची केली तर रेझोनन्स ८७ च्या आसपास थांबतो, क्यू ०.९२ होतो आणि उंचवटा एक डेसिबलच्या आत येतो.

छापील आकड्यांवरही विसंबू नका. साठ-सत्तर वर्षांत कागद ताठरतो आणि अल्निको मॅग्नेट दुबळं पडू शकतं; कोणी दुरुस्तीसाठी मॅग्नेट उघडलं असेल तर नक्कीच पडतं. गॅपमधलं (मॅग्नेटच्या ज्या फटीत कॉइल हलते तिथलं) चुंबकत्व १० टक्क्यांनी घटलं की विद्युत बाजूचा क्यू २३ टक्क्यांनी वाढतो. स्टिरिओसाठी जोडी घेतली असेल तर दोन्ही स्वतंत्र मोजा.

‘पोर्ट दिला की बास येतो.’ पोर्टची कल्पना जुनीच. बेल लॅब्जच्या आल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. पण पेटी आणि स्पीकर यांचा हिशेब नीट मांडला तो ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये, आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी. त्या हिशेबात सपाट बाससाठी क्यूटीएस साधारण ०.३८ लागतो, आणि पेटी कोनच्या हवेच्या मापाच्या (वरच्या उदाहरणातले ४० लिटर) ७० टक्के. असा स्पीकर मिळाला तर पोर्ट जरूर करा, तिथे तो सल्ला बरोबर आहे. ०.८ क्यूचा स्पीकर मात्र पोर्टवर बसवलात की आधीच उशिरा थांबणाऱ्या कोनला आणखी एक झुलणारी हवा जोडली जाते. आवाज फुगतो, आणि लोक त्या फुगण्यालाच बास म्हणतात. शिवाय पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनवर हवेचा अटकाव उरत नाही. जुन्या कोनला पुढे-मागे मिलिमीटरभराचीच मोकळीक असते. वाकड्या तबकडीचे काही हर्ट्झचे हेलकावे आले की कॉइल गॅपबाहेर जाते. व्हॉल्व्ह ॲम्प वापरणाऱ्यांनी तर अधिक जपावं: ॲम्पचा आउटपुट रोध ३ ओहम असेल, तर वरच्या उदाहरणातला ०.८ हा १.०६ होतो.

‘पंचवीस मिलिमीटर एमडीएफ.’ जाडी म्हणजे शांतता, असं नाही. जाड फळीचा कंप नाहीसा होत नाही, तो वर सरकतो, अनेकदा माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात, जिथे कान सर्वांत तिखट. १९७० च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने पातळ प्लायला आतून डॅम्पिंगचा, म्हणजे कंप जिरवणारा, थर देऊन हाच प्रश्न सोडवला. त्याआधी व्हार्फेडेलच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी दोन प्लायच्या मध्ये वाळू भरून पाहिली होती. माझं मत विचाराल तर १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय, आत दोन आडव्या पट्ट्या, बस. कोकणात एमडीएफच्या कडा पावसाळ्यात फुगतात, ते वेगळंच. आणि फळी जाड असेल तर स्पीकरच्या भोकाची मागची कड तिरपी तासायला सुताराला सांगा, नाहीतर कोनच्या मागची हवा बोगद्यात कोंडते.

कापसाबद्दल थोडक्यात: बंद पेटीत मोकळा भरला तर क्यू थोडा उतरतो, ते चांगलंच. पोर्टच्या पेटीत ठासला तर पोर्ट काम करेनासा होतो. एकाच दमात ‘पोर्ट द्या आणि ठासून भरा’ म्हणणारा सल्ला स्वतःलाच खोडून काढतो.

‘फिल्टर घालू नका.’ तीस सेंटिमीटर रुंद पेटीपुढे साधारण ४०० हर्ट्झच्या खाली आवाज पेटीला वळसा घालून मागे पसरायला लागतो आणि समोर हळूहळू सहा डेसिबलपर्यंत कमी होतो. भिंतीलगत ठेवलेला रेडिओ ही घट बरीच भरून काढत असे. खोलीच्या मध्याकडे ओढलेल्या स्टँडवर तोच स्पीकर कर्कश लागतो. एक कॉइल आणि तिला समांतर काही ओहमांचा रेझिस्टर, एवढ्याने तोल येतो. गाणाऱ्याचा गळा नाकातून येतोय असं वाटत असताना तत्त्वासाठी तो न लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

राहिलं ‘कॅबिनेट टाकाऊ, फेका’. मला सर्वांत जास्त लागतं ते हे. रेडिओची पाठ उघडी असे, त्यात व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडणं हे एक कारण होतंच. पण उघड्या पाठीत पुढचा आणि मागचा आवाज खालच्या सुरांत एकमेकांना खातात, आणि त्या घटीला क्यू जास्त असलेला स्पीकरच थोडा उभारी देतो. जो ०.८ वीस लिटरच्या पेटीत दोष ठरला, तो इथे गुण आहे. म्हणून अशा स्पीकरसाठी माझी पहिली शिफारस पेटी नव्हेच, तर उघडा बॅफल, म्हणजे मागे पेटी नसलेली नुसती फळी. प्लायची मीटरभर रुंद फळी, खालची कड जमिनीला टेकलेली, दोन्ही बाजूंना वीस-तीस सेंटिमीटरचे पंख, आणि स्पीकर मधोमध न बसवता एका बाजूला सरकवलेला, म्हणजे सगळ्या कडा एकाच सुराला खाणार नाहीत. मीटरभर रुंदीला घट १७० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. पंख आणि जमीन ती आणखी खाली ढकलतात. ४० हर्ट्झ यातून येणार नाहीत. ते हवे असतील तर वेगळा वूफर लावा. पण हार्मोनियम, कुमार गंधर्वांचा आवाज त्यातून पेटीच्या घुमण्याशिवाय येतो.

मूळ कॅबिनेट शाबूत असेल तर तेच वापरा. सैल झालेल्या पट्ट्या आणि काचेची डायल खडखडत असेल तर त्या फेविकॉलने आणि फेल्टने आवळा, कापड फाटलं असेल तर विरळ विणीचं लावा, आणि मागचा भोकांचा हार्डबोर्ड तसाच ठेवा. तिथे ठोस फळी ठोकलीत की पुन्हा ती लहान पेटीच झाली. बाहेरचा ॲम्प जोडताना स्पीकरच्या दोन्ही तारा सेटच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून पूर्ण सोडवा आणि सेटचा प्लग काढून टाका. एसी-डीसी प्रकारच्या सेटांमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांच्या चॅसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) थेट २३० व्होल्ट असू शकतात.