डॉट मॅट्रिक्सच्या रिबनमध्ये स्टॅम्प पॅडची शाई घालू नका

इंदूरच्या सियागंज बाजारात हिशेबाचं काम करणाऱ्या आमच्या मामांकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, म्हणजे शाईच्या कापडी पट्टीवर, रिबनवर, पिना आपटून छापणारा. त्यांना एक फॉरवर्ड आला: सुकलेली रिबन फेकू नका, डब्ल्यूडी-४० (गंजलेले, अडकलेले भाग सोडवायचा स्प्रे) फवारा, पाच मिनिटांत नवी होते. तरी फिकट उठलं तर स्टॅम्प पॅडची शाई घाला. जास्तीच्या रिबन फ्रीजमध्ये ठेवा, कधी खराब होत नाहीत. मामा शाईची बाटली आणायला निघालेच होते, म्हणून हे लिहितोय.

आधी स्टॅम्प पॅड, कारण नुकसान तिथेच आहे. रिबनची शाई तेलकट असते आणि ती उगाच नसते. छपाईबरोबर ती हेडच्या, म्हणजे छापणाऱ्या डोक्याच्या, पिनांना वंगणही पुरवते. ९ पिनांच्या हेडमधली प्रत्येक पिन बारीक तारेसारखी असते आणि सेकंदाला शेकडो वेळा बाहेर येऊन मागे जाते. नेहमीच्या स्टॅम्प पॅडची शाई पाणी आणि ग्लिसरिन किंवा ग्लायकॉलवर बनते. तिच्यात वंगण नाही. पिनांच्या भोकांत ती सुकून चिकटा धरते, ओलाव्याने पिनांना गंजही चढतो. मग पिन वेळेवर मागे जात नाही, कापडात अडकते, वाकते किंवा तुटते. प्रत्येक ओळीत अक्षरांच्या एकाच उंचीवर पांढरी रेघ दिसू लागली, की एक पिन गेली समजा. रिबनचे पैसे वाचवायला निघालात आणि हेड बदलायची वेळ आली, हा कुठला हिशेब? कार्बन कॉपीची बिलं काढणाऱ्याला तर लेझर किंवा इंकजेट प्रिंटर चालतही नाही.

डब्ल्यूडी-४० चा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागतं. रिबन अर्धा इंच रुंद आणि ९ पिनांचा ठसा जेमतेम ३ मिलिमीटर उंच. म्हणजे कडांना शाई शिल्लक असते. द्रावक ती मधल्या पट्ट्यात ओढतो आणि काही दिवस छपाई गडद येते. पण शाई वाढत नाही, फक्त सरकते. त्याच कंपनीच्या सुरक्षा पत्रकात घटक स्पष्ट लिहिलेत: हायड्रोकार्बन द्रावक आणि खनिज तेल, शिवाय ज्वलनशील असल्याचा इशारा. ओली रिबन लगेच चढवली तर पातळ शाई हेडवर आणि कागदावर गळते, आणि छपाईनंतर हेड हात भाजेल इतकं तापतं. करायचंच असेल तर कार्ट्रिज (रिबनची प्लॅस्टिकची डबी) बाहेर काढून, झाकण उघडून, अगदी हलका फवारा मारा. रिबन पुढे सरकवायची कार्ट्रिजवरची चकती फिरवत पूर्ण फेरा घ्या, रात्रभर उघडं ठेवा.

खरा उपाय म्हणजे डॉट मॅट्रिक्स रिबनसाठीचीच तेलाची शाई. चकती फिरवत थेंब थेंब सोडा, एक फेरा झाला की थांबा, दुसऱ्या दिवशी रद्दी कागदावर छापून बघा. कापड मधोमध केसाळ झालं असेल किंवा भोकं दिसत असतील तर शाई घालूच नका, धागा पिनेत अडकतो.

डेझी व्हील, म्हणजे अक्षरांचं चाक फिरवून छापणाऱ्या यंत्रांच्या कार्बन फिल्म रिबनना यातलं काहीच लागू नाही. अक्षर उठलं त्या जागेचा थर कागदावर गेलेला असतो.

फ्रीजचं तेवढंच. थंड कार्ट्रिज मे महिन्याच्या इंदूरात बाहेर काढून लगेच उघडलं तर दमट दिवशी त्यावर पाणी सुटतं. मूळ पाकीट न फोडता, ऊन लागणार नाही अशा कपाटात ठेवा. फोडलेली रिबन झिपच्या पिशवीत हवा दाबून काढून ठेवा. जुना माल लावण्याआधी चकती हाताने फिरवून पाहा. अडली तर जोर करू नका, आत कापड चिकटलेलं असतं.