लंडनच्या ढालीवरची तलवार वॅट टायलरला मारणारी नव्हे

लंडनच्या सहलीत गाईड एक किस्सा हमखास ऐकवतात. १३८१ च्या शेतकरी बंडात महापौर विल्यम वॉलवर्थने स्मिथफील्डला बंडाचा पुढारी वॅट टायलर याच्यावर खंजीर चालवला, राजा खूश झाला आणि तो खंजीर शहराच्या मानचिन्हात, म्हणजे लाल क्रूस असलेल्या ढालीच्या कोपऱ्यात, बसला. किस्सा झकास, पण खोटा. तो खोडायला नुसत्या तारखा पुरतात. टायलर मारला गेला १५ जूनला. ही ढाल असलेला महापौराचा नवा शिक्का त्याच वर्षी एप्रिलमध्येच वापरात आला होता.

मग ती तलवार कुणाची? लंडनचा पालक संत सेंट पॉल याची. रोमचा नागरिक म्हणून त्याला क्रूसावर न चढवता तलवारीने मारलं, अशी परंपरा आहे. शहराच्या आणखी जुन्या शिक्क्यावर तो हातात तलवार घेऊन उभाच होता. म्हणजे ढालीवर दोन संत आहेत: लाल क्रूस सेंट जॉर्जचा, इंग्लंडचा, तलवार पॉलची, लंडनची. खंजिराचा गैरसमज टिकण्याचं एक कारण मला चित्रातच दिसतं. क्रूसाने ढालीचे चार भाग केले की एका कोपऱ्यात उरते ती जागा चिमुकली. त्यात मावणारी तलवार आखूडच निघणार. दुसरं कारण मासळी व्यापाऱ्यांचा संघ. वॉलवर्थ त्यांचाच. त्यांच्या सभागृहात खंजीर घेतलेला त्याचा पुतळा आहे आणि खाली हाच किस्सा पद्यात कोरलाय. आपल्या माणसाचा अभिमान समजू शकतो, पण तो पुरावा नव्हे.

चित्र काढणाऱ्यांसाठी: पार्श्वभूमी चंदेरी, छपाईत पांढरी चालते. तलवारही लाल, टोक वर. ती वरच्या कोपऱ्यात, ढाल धरणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चित्र उलटं छापलं की तलवार पलीकडे जाते आणि मानचिन्ह चुकतं. लाल रंगाची छटा मात्र कमीजास्त चालते, कारण मानचिन्हाचा खरा आधार शब्दांतलं वर्णन असतं, एखादं ठरावीक चित्र नव्हे. क्रूसाच्या पट्ट्या फार जाड केल्या तर तलवारीला जागाच उरत नाही.

ढालीच्या वर शिरस्त्राण आणि त्यावर ड्रॅगनचा एकच पंख. हा पंख आला कुठून, हे मला तलवारीपेक्षाही रंजक वाटतं. जुन्या शिक्क्याच्या मागच्या बाजूला थॉमस बेकेट होता. आठव्या हेन्रीने या संताची पूजा बंद पाडल्यावर ती बाजू बदलावी लागली. १५३९ च्या नव्या शिक्क्यावर क्रूस असलेली पंख्यासारखी एक वस्तू आली आणि पुढच्या शतकात नक्कल करता करता तिचा ड्रॅगनचा पंख झाला! बाजूचे दोन ड्रॅगनही सतराव्या शतकातले. हे सगळं रीतसर मंजूर झालं थेट ३० एप्रिल १९५७ ला. तोवर तीनशेहून अधिक वर्षं शहर ते बिनपरवाना मिरवत होतं.

आणि हो, हे मानचिन्ह अख्ख्या लंडनचं नाही. फक्त 'सिटी ऑफ लंडन'चं, जेमतेम एक चौरस मैलाचं. रस्त्याकडेचे चंदेरी ड्रॅगन त्या हद्दीच्याच खुणा. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवरचे दोन मूळ, सात फुटी, १८४९ च्या कोल एक्स्चेंज म्हणजे कोळसा बाजाराच्या इमारतीवरचे. ती पाडल्यावर १९६३ मध्ये तिथे हलवलेले. होबर्न, ऑल्डगेट वगैरे ठिकाणचे त्यांच्या निम्म्या उंचीच्या नकला. टेंपल बार या जुन्या वेशीच्या जागेचा काळा ड्रॅगन वेगळा, १८८० चा, चार्ल्स बेल बर्च या शिल्पकाराचा. त्याला लंडनकर स्वतःच 'ग्रिफिन' म्हणतात. ग्रिफिनला गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असतं. इथे तसं काही नाही.